पाकिटाची कड

३ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सरांचं शिफारसपत्र तयार झालं. ते शिपायाबरोबर दुकानावर पाठवतील. बाकीचे कागद मी रजिस्टरने पाठवले आहेत, पोचले असतील. सगळं एकत्र करून या महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत परदेशातल्या त्या विद्यापीठाच्या पत्त्यावर रवाना करा. मला रजा नाही. पाण्याचे नमुने तपासायला प्रयोगशाळेत आम्ही दोघीच, आणि दुसरी बाळंतपणाला गेली आहे.

यादी सोबत आहे. आणि बाबा, पाया पडते, दुकानातल्या पुस्तकांसारखी बांधणी करू नका. मागे माझ्या गुणपत्रिकांना तुम्ही कापडी पाठ लावलीत, तेव्हा मुलाखतीला साहेबांनी विचारलं होतं की नोकरी मागायला आलात की ग्रंथ अर्पण करायला. साधी टाचणी पुरे.

खोली बरी आहे. खिडकीतून लाँड्रीची मागची भिंत दिसते. शिष्यवृत्तीच्या वयाच्या अटीत मी यंदाच बसते, पुढच्या वर्षी नाही. म्हणून एवढी घाई.

आत्याच्या गुडघ्यांना विचारलं आहे म्हणून सांगा. ती ऐकत नाही, ते तरी ऐकतील.

पाठीवर हात असू द्या.

तुमची
मुंगी

२१ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अ. आ.

कागद काल गेले. पोस्टाची पावती जपून ठेवली आहे. टाचणीच लावली. हात शिवशिवत होते.

सरांचं पाकीट सात तारखेलाच आलं होतं. एवढे मोठे सर, पण पाकीट पाहून वाईट वाटलं. झाकण वाकडं दुमडलेलं, एका बाजूला डिंक बदाबदा आणि दुसरं टोक कोरडं. तसं पाकीट आपल्या दुकानातून बाहेर जाणं बरं नव्हे. वाफेवर सोडवलं, जुना डिंक काढला, झाकणाची कड सूतभर कापून सरळ केली आणि आपली खळ लावून वजनाखाली ठेवलं. कडेवरची सही नीट जुळवली आहे. आता पाण्यात पडलं तरी उघडायचं नाही.

एका गिऱ्हाइकाचा शब्दकोश आला आहे. हजारावर पानं, शिवण सगळी उसवलेली. त्यात वेळ जातो.

एक विचारायचं होतं, पण राहू दे.

तब्येतीला जप. आमची काळजी नको.

बाबा

१ डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न.

ते पाकीट उघडायचं नसतं. कडेवर सही त्यासाठीच असते. यादीत मी तसं लिहिलं नाही, कारण दुसऱ्याचं बंद पाकीट उघडू नका हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. मुदत संपली आहे, आता काही करता येत नाही.

आतलं पत्र वाचलंत का, एवढं कळवा.

मुंगी

१९ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं उत्तर आलं नाही. विद्यापीठाचं आलं. चार ओळी आहेत. सहीची रेघ झाकणाच्या कडेवर तुटते, पाकीट उघडलं गेल्याचा संशय आहे, सबब अर्ज विचारात घेतलेला नाही.

चाळीस वर्षांत तुमच्या हातून एक कागद जास्त कापला गेला नाही, असं तुम्हीच सांगता. माझाच गेला. आई गेली, आता मीही गेले की घरात तुम्ही आणि आत्या दोघंच उरणार, हे मला कळत होतं. मी जाऊ नये असं वाटत होतं तर तोंडाने सांगायचं होतं. सुरी कशाला?

आत्याला नमस्कार.

मुंगी

३० जानेवारी

चि. मुंगीस,
आत्याचे अ. आ.

तुझं पत्र दादाने टेबलावर उघडं टाकलं, म्हणजे मी वाचावं म्हणूनच. तो लिहायचा नाही. मी लिहिते. अक्षर लागलं नाही तर माझ्या गुडघ्यांना विचार.

त्याने ते पत्र वाचलं. पाकीट उघडलं ते वाकडं होतं म्हणूनच. त्याचं ते वेड तुला काय सांगायचं? माझ्या औषधाच्या खोक्याचीसुद्धा कड कापतो. पण पत्र बाहेर निघालं आणि त्यात त्याला 'वडील' हा शब्द ओळखू आला. पत्र परक्या भाषेतलं, तिचे असे चारदोन शब्दच येतात त्याला. मग गिऱ्हाइकाचा तो शब्दकोश घेऊन बसला. सुटी पानं चळतीतून काढायची, शब्द बघायचा, पान जागेवर ठेवायचं. तीन दिवस. काय चाललंय विचारलं तर म्हणाला, मुंगीचं कौतुक वाचतोय.

चौथ्या दिवशी मला वाचून दाखवलं. कौतुक होतंच. पुढे होतं की या मुलीच्या घरात एकही पुस्तक नव्हतं, वडील अंगमेहनत करणारे, शिक्षणाशी त्यांचा संबंध नाही, आणि अशा घरातून ती बाहेर पडली यातच तिची योग्यता दिसते.

सरांनी आपलं घर कधी पाहिलं गं?

ते पाकीट शेगडीत घालायला त्याला एक क्षण लागला असता. त्याने खळ ढवळली. पोस्टात स्वतः गेला, पावती मिळेपर्यंत खिडकीवरून हलला नाही. आणि तू सुरी म्हणतेस. म्हण बाई, शिकलेली आहेस.

जेवत जा. राग आहे, म्हणून माया आटली असं समजू नकोस.

आत्या

९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र मिळालं. ते वाक्य सरांचं नाही, माझं आहे. सर म्हणाले होते, घरची परिस्थिती सांग, अशा पत्रात तिचा उपयोग होतो. पत्र मागायला गेलेल्या आम्ही सगळ्याच काही ना काही सांगत होतो. एकीने तर धडधाकट वडिलांना अंथरुणाला खिळवलं. त्या मानाने मी थोडंच सांगितलं, असं तेव्हा वाटलं.

जानेवारीत जे लिहिलं ते परत घेता येत नाही. घेता आलं असतं तर घेतलं असतं.

दुसरं एक लहान विद्यापीठ आहे, तिथे वयाची अट नाही. सर नवीन पत्र द्यायला तयार आहेत, या वेळी ते परस्पर पाठवतील. ते वाक्य काढायला मी त्यांना सांगणार आहे.

एक ओळ तरी लिहा.

मुंगी

२२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

शब्दकोश बांधून झाला. गिऱ्हाईक काल घेऊन गेलं. पाठ चांगली बसली आहे.

पत्र परस्पर जाणार हे बरं. पाकीट कसंही चिकटवलेलं असलं तरी माझ्या डोळ्यांसमोर येणार नाही.

सरांना ते वाक्य काढायला सांगू नकोस. त्याने काम होत असेल तर राहू दे. शिवाय मी विचार करून पाहिला, ते खरं आहे. पुस्तकं शेकड्यांनी आली, त्यातलं एकही आपलं नव्हतं. बांधून झालं की त्याच दिवशी परत जायचं.

तू आठ वर्षांची असताना दुकानाच्या पायरीवर त्यातलंच एक वाचत बसली होतीस. गिऱ्हाईक आलं आणि मी ते तुझ्या हातातून काढून घेतलं. शेवटचा फर्मा राहिला होता, सोळा पानं. तू ते परत मागितलं नाहीस. मला वाटलं, गोष्ट आवडली नसेल.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

बाबा