एका कॉम्प्युटरवरच्या दोघी

प्रिय मास्तरीणबाई,

फोन करून पाहिला. दर वेळी तू "आई हाक मारतेय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझी आई इतक्या हाका मारणारी बाई नाही. सुट्टीत मी तुमच्याकडे राहिले होते तेव्हा जेवायला सोडून त्यांनी कुणाला हाक मारलेली मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मी आडून आडून काही सुचवतेय असं तुला वाटायला नको. पुनर्परीक्षेला नाव नोंदवायची मुदत शनिवारी संपतेय. तू येणार की नाही, तेवढं मला कळव.

आता इकडची खबर. विद्यापीठाने आपल्या विभागाला नवे कॉम्प्युटर द्यायचं कबूल केलं होतं ना, ते अजून कबुलीतच आहेत. लॅबमध्ये अजूनही दोघांत एक. तू गेल्यावर मी जोडीविना उरले, तेव्हा मला एकटीला मात्र अख्खा मिळालाय. सगळे म्हणतात, मजा आहे बुवा हिची. मागच्या रांगेतला पैलवान तर रोज विचारतो, राणीसरकारांना पंखासुद्धा वेगळा हवाय का? मी हसते. तुझ्या खुर्चीवर माझी बॅग ठेवते, नाहीतर कुणीतरी ती ओढून नेतं.

वसतिगृहात तुझ्या पलंगावर आता रसायनशास्त्राची मुलगी आलीय. स्वभावाने वाईट नाही, पण खोलीत आली की कानात इयरफोन घालून घरच्यांशी बोलत बसते. परवा म्हणाली, "काय गं, बरं नाही का वाटत?" मी पुस्तक बाजूला ठेवलं, म्हटलं, हो गं, जरा कंटाळाच आलाय. ती तिच्या बहिणीशी बोलत होती. मी पुन्हा पुस्तक उघडलं. तुला हसू आलं असेल. मलाही आलं, पण कुणाला सांगणार? तूच नाहीस. सगळ्यात जास्त तेच खटकतं बघ, एखादी गंमत घडते आणि ती तशीच पडून राहते.

लॅबमधले आपले दिवस आठवतात. एकीने टाइप करायचं, दुसरीने शेजारी बसून काय करायचं ते सांगायचं. एक हात, एक डोकं. सरांनी टेबलावर डस्टर आपटलं की सगळ्यांनी खुर्च्या बदलायच्या आणि कामंही. बाकीचे बदलायचे. आपण दोघी उठायचो, खुर्च्यांचा चांगला दणदणीत आवाज करायचो आणि होतो तिथेच पुन्हा बसायचो. तुझं म्हणणं, माझी बोटं म्हणजे दगड, तू टाइप कर टकटके. माझं म्हणणं, मला डोक्याला ताप नको, तू सांग. किती छान संसार चालला होता आपला! सरांना वाटायचं, या दोघी किती शिस्तीच्या.

आणि मग मागच्या सत्राच्या परीक्षेत कॉम्प्युटर नाही, कागद आणि पेन. अख्खा प्रोग्राम हाताने लिहायचा. तुझी उत्तरं मला माहीत होती, बाहेर आल्यावर तू मला जिन्यात सगळी समजावून सांगितली होतीस, आणि ती बरोबर होती. पण कंस उघडले ते बंद केले नाहीत, ओळीच्या शेवटची चिन्हं गाळली, कारण ती नेहमी मी टाकायचे. तेवढ्यावर गुण कापत गेले आणि तुला नापास केलं. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला. मी कशीबशी काठावर पास झाले आणि त्या दिवशी तुझ्याशी धड बोललेसुद्धा नाही.

तू निरोप ठेवलास, आईचा गुडघा दुखतोय म्हणून जातेय. नंतर तुझा दादा सामान न्यायला आला. मी काळजीने गुडघ्याचं विचारलं, तर तो बिचारा गोंधळलाच. म्हणाला, आई तर सकाळीच गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालून आलीय. मी विषय बदलला. त्याला काही कळू दिलं नाही, तू निश्चिंत राहा. पण मला तरी खरं सांगायचं होतंस गं. मी काय तुला हसले असते?

तू गेल्यापासून लॅबमध्ये मी कीबोर्डवर बोटं ठेवते आणि नुसती बसते. पहिल्या आठवड्यात एकदा मोठ्याने "मग?" म्हटलं. पैलवान मागून म्हणाला, "मग काय?" सगळा वर्ग खदखदून हसला. नंतर तो स्वतःहून शेजारी येऊन बसला, काय अडलंय ते विचारलं. नेमकं काय अडलंय, तेच मला सांगता येईना. तो डोकं खाजवून परत गेला. चांगला मुलगा आहे, पण त्याची जोडी त्याची वाट बघत होती.

तर आता खरं काय ते लिहिते. काल या सत्राचा निकाल लागला. माझ्या पेपरात एकही कंस चुकलेला नसणार, अक्षर तर बघत राहावं असं होतं, आणि मी नापास झालेय. विचार करून लिहायचे जेवढे प्रश्न होते, तेवढ्यांपुढे मी प्रश्नच सुंदर अक्षरात पुन्हा लिहून ठेवले होते. घरी बाबांना सांगितलंय, निकाल लांबलाय. इथे सगळे हळू आवाजात बोलताहेत, कुणी जवळ येत नाहीये. तुझी आणि माझी पुनर्परीक्षा एकाच आठवड्यात आहे. तू मला विचार करायला शिकव, मी तुझ्याकडून कंस घोटून घेते, आणि या खेपेला खुर्च्या खरोखर बदलू. तुझं वर्ष वाचावं म्हणून लिहितेय असं म्हणायला मला आवडलं असतं, फार मोठेपणा मिळाला असता. पण तसं नाहीये. मला भीती वाटतेय आणि एकटीला बसवत नाहीये. माझ्यासाठी ये.

तुझीच,
टकटकी