थोरला, धाकटा आणि मधली वायर

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. माणसं मोठी झाल्यावर आठवणी लिहितात आणि मग तारखा चुकतात. मी आधीपासूनच लिहून ठेवतोय.

बातमी अशी की धंतोलीतल्या आमच्या हॉस्पिटलात आयटी हेडची जागा निघाली आहे. उमेदवार दोन. मी, अनुभव अकरा वर्षं. आणि कामिनी, अनुभव दोन वर्षं. मोठ्या डॉक्टरांनी दोन सर्व्हरचं क्लस्टर उभं करायला सांगितलंय. काम माझ्याकडे, कामिनी मदतीला. खांडेनवमीला मशीनची पूजा झाली की डॉक्टर सगळ्यांसमोर एका सर्व्हरचा प्लग स्वतः उपटणार. तरीही ओपीडीचे टोकन नीट निघत राहिले तर जागा माझी. नाही निघाले तर कामिनीची. म्हणजे माझीच.

बाबांचा मिस्ड कॉल ७.०५ ला आला. ते काटोलजवळ गावी एकटे राहतात. ठरलंय असं: त्यांनी रोज सातला दोन रिंग द्यायच्या, मी कट करायचा. तिकडे ते ठीक, इकडे मी ठीक. पण रोज पाच मिनिटं उशीर. घड्याळ मागे पडलं असणार. दिवाळीला नवीन घेऊन देईन. बिचाऱ्यांची सगळी भिस्त माझ्यावर.

१७ सप्टेंबर, बुधवार
हार्टबीट नेटवर्कचा अभ्यास पूर्ण (पहिली वीस पानं). प्रकार सोपा आहे. दोन सर्व्हर. थोरला काम करतो, धाकटा नुसता जागा असतो. मधल्या वायरीतून दोघं दर सेकंदाला एकमेकांना सांगतात, मी आहे, मी आहे. थोरल्याचा आवाज आला नाही की धाकटा समजतो, गेला, आणि कारभार हातात घेतो.

रात्री जेवताना श्वेताला समजावलं. ती म्हणाली, म्हणजे बाबांच्या मिस्ड कॉलसारखंच की. मी हसलो. माझ्या बायकोला कुठलीही टेक्नॉलॉजी घरगुती करून टाकायची सवय आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बाबांचा कॉल झोपेत राहिला. उठलो तर ८.२०. पुस्तक वाचत जागलो होतो (पान २१). माझा कट मिळाला नाही म्हणून ते काळजीने पहिल्या एसटीत बसले असते तर? पण नाही आले. धीराचा माणूस. मी कुणावर गेलोय ते कळतं.

सातच्या सुमाराला श्वेताचाही फोन रोज एकदा वाजून बंद होतो. कर्जवाल्या कंपन्यांचे असणार. ब्लॉक कर म्हणून सांगितलं. ती बघू म्हणाली.

२३ सप्टेंबर, मंगळवार
पुस्तकात म्हटलंय, हार्टबीटला दोन वेगवेगळे रस्ते हवेत. एक तुटला तरी दुसरा चालू. म्हणून मी दोन केबल टाकल्या, एक निळी, एक पिवळी. दोन्ही एकाच छोट्या नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे केबली जोडायच्या डब्यात, नेल्या. फार नीटनेटकं दिसतं. फोटो काढला.

कामिनी बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "सर, केबल दोन आहेत, पण डबा त एकच हाय ना. डबाच बंद पडला तर?" मी म्हटलं, डबा नवा आहे. ती म्हणाली की मग दोघंही जिवंत असून दोघंही समजतील दुसरा मेला, आणि दोघंही कारभार करतील. एक केबल तरी सरळ सर्व्हर टू सर्व्हर टाकू. मी तिला अनुभवाचं महत्त्व सांगितलं. वीस मिनिटं लागली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
वजन कमी करायचं ठरवलं. हेडच्या केबिनचं दार अरुंद आहे.
कॉल पुन्हा झोपेत राहिला. बाबा पुन्हा आले नाहीत. धीर वाढतोय.

२९ सप्टेंबर, सोमवार
केबिनसाठी पडद्याचा रंग: मोरपंखी. प्लग उपटण्याची रंगीत तालीम करू या, असं कामिनी म्हणाली. मी म्हटलं, तालीम ज्यांना शंका असते ते करतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. खांडेनवमी. दुपारी ४
शांतपणे लिहितो.

साडेनऊला पूजा. वॉर्डातल्या रुखमाबाईंनी थोरल्याला आणि धाकट्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. सर्व्हरचं रॅक जरा फिकं दिसत होतं. मीच इलेक्ट्रिशियन रुपरावला लायटिंगची माळ लावायला सांगितली, डॉक्टरांबरोबर फोटो काढायचा होता. बोर्डावर प्लगला जागा नव्हती. रुपरावने विचारलं, "साहेब, हा बारका पिन काढू का?" मी केस विंचरत होतो. म्हटलं, काढ.

माळ सुंदर पेटली.

बारका पिन छोट्या स्विचचा होता. निळी गेली, पिवळी गेली. धाकट्याला वाटलं थोरला वारला, थोरल्याला वाटलं धाकटा वारला. दोघंही हार घालून कारभार करू लागले. डॉक्टर अजून प्लगपर्यंत पोहोचलेसुद्धा नव्हते. ओपीडीच्या एका खिडकीवर सतरा नंबर बेस्याच्या एका काकूंना मिळाला, दुसऱ्या खिडकीवर सतरा नंबर हिंगण्याच्या एका काकांना. दोघं एकाच दारात. काकू म्हणाल्या, "मी इथं सकायपासून बसून राहिली, तुमी कोण गा सतरा?" मग दोन अठरा आले.

डॉक्टरांनी मला विचारलं, हे काय. मी सांगितलं, विजेचा प्रश्न आहे. रुपराव म्हणाला, साहेबांनीच काढायला लावलं. आजकाल माणसं जबाबदारी घेत नाहीत.

कामिनीने धाकट्याला बंद केलं. टोकन एकाच ठिकाणाहून सुरू झाले. स्विचचा पिन परत लावला, खिशातून एक केबल काढून दोन्ही सर्व्हरमध्ये सरळ जोडली आणि धाकट्याला पुन्हा उठवलं. ती केबल आठ दिवस खिशात घेऊन फिरत होती म्हणे. मग डॉक्टरांना म्हणाली, आता उपटा. त्यांनी थोरल्याचा प्लग उपटला. दहा सेकंदांत धाकट्याने काम घेतलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, सगळ्यात मोठ्याने. माझं मार्गदर्शन होतंच.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. संध्याकाळी ७
जागा कामिनीला मिळाली. मला खूप वाईट वाटलं. खरंच वाटलं. कालपासून फोन बंद करून ठेवला होता.

दुपारी बाराला दारात बाबा. हातात आपट्याची पानं. माझे डोळे भरून आले. आज सकाळी माझा कट गेला नाही, म्हणून हा म्हातारा माणूस एसटीत बसून प्रताप नगरला धावत आला. जगात एक तरी माणूस माझ्या हार्टबीटवर जगतो. मी पाया पडून म्हटलं, बाबा, माझ्या काळजीने आलात.

ते म्हणाले, "नाही बा. श्वेतानं पुरणपोळ्यायले बोलावलं होतं."

मग खुलासा झाला. ते रोज सातला पहिला मिस्ड कॉल श्वेताला देतात. ती कट करते. दोन्हीकडचं कळलं की चहा ठेवतात. मग ७.०५ ला मला. घड्याळ अगदी बरोबर आहे. चार वर्षांपासून असंच.

मी विचारलं, असं का. बाबा पोळीवर तूप घेत म्हणाले, "तुया एकट्याच्या भरोशावर कसा राहू बापा? तू त झोपून राहतं."

मग मला कशाला करता, असं विचारलं नाही. श्वेताने आपणहून सांगितलं: "बाबांनीच सांगितलं होतं, 'त्याले बरं वाटते, मले करू दे.'"

३ ऑक्टोबर, शुक्रवार
बाबा कालच शेवटच्या गाडीने परतले. गजर सहा पन्नासचा लावला.
७.०० श्वेताचा फोन वाजला. तिने कट केला.
७.०५ माझा वाजला. कट केला.
आज कामिनी मॅडमनी केबलींना लेबल लावायला सांगितलंय. निळी आणि पिवळी.