आधी पाणी मागायचं

आई, आज मला इतका आनंद झालाय की बॉनच्या ट्राममध्ये मी एकटीच हसत बसले होते आणि समोरच्या बाईंनी चक्क जागा बदलली. कधी एकदा तुला सांगते असं झालंय. घरी येऊन तशीच टेबलाशी बसलेय, कोटही अंगावर आहे. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली हे मला कळतं, पण सांगायला दुसरं कुणी सुचतच नाही.

इथे जर्मनीत कोलंबिया, पेरूकडून येऊन राहिलेली स्पॅनिश बोलणारी बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्याच नऊ बायकांना मी आरोग्यसेविकेचं काम शिकवते. ज्या घरात कुणाला दारूचं किंवा गोळ्यांचं व्यसन आहे तिथे जायचं, बोलायचं आणि घरच्यांना आमच्या केंद्रात सल्ल्यासाठी आणायचं. म्हणजे तू वाड्यावस्त्यांवर पायी फिरून करायचीस तेच.

फक्त मी ते इथल्या शिस्तीत शिकवलं. आधी फोन करून टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्या, पाण्याची बाटली आपली आपण न्या, कुणाकडे काही खाऊ-पिऊ नका, आणि फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारा: आठवड्यातून किती वेळा पिता? सगळ्यांचं उत्तर एकच, कधीतरी. दोन महिन्यांत एकही माणूस केंद्रात आला नाही. आमच्या केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, या महिन्यात कुणी आलं नाही तर वर्ग बंद करावा लागेल. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

तेव्हा तू आठवलीस. मी नऊ वर्षांची आहे, सुट्टी म्हणून तुझ्या मागे मागे हिंडतेय, आणि एका उंबऱ्यावरच आगाऊपणे विचारते, तुमच्याकडे कोण पितं? तू माझा कान पिळलास, तो घरी पोचेपर्यंत लाल होता. वाटेत म्हणालीस, "आधी पाणी मागायचं. त्यांचं पाणी प्यालं की आपण परके राहत नाही. आणि कोण पितं ते विचारायचं नाही. घरात झोप कुणाला लागत नाही, ते विचारायचं." ज्यांच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नसे, तिथेही तू तांब्याभर मागून प्यायचीस.

सोमवारी वर्गात हे सांगितलं. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, सगळ्यांत वडील बाई हसायलाच लागली. म्हणाली, आमच्याकडे कॉफी नाकारली तर माणूस दुखावतो, पण आम्हाला वाटलं जर्मनीत असंच करायचं असतं. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, चूक माझीच. मग सराव म्हणून मी घरची बाई झाले. तिने माझ्याकडे पाणी मागितलं, सावकाश प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, या घरात झोप कुणाला लागत नाही? मी कागदावर उत्तर लिहून आणलं होतं. तोंडातून मराठीत निघालं, "आईला." सगळ्यांना वाटलं, मी माझं वाक्य विसरले.

आणि आज तीच बाई एका जोडप्याला घेऊन केंद्रात आली! तिने त्यांच्याकडे दोनदा कॉफी घेतली होती. बायको म्हणाली, मला झोप लागते का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नवरा टोपी चुरगाळत बसला होता, पण बसला होता, आणि पुढच्या मंगळवारी येतो म्हणाला. केंद्रप्रमुख बाईंनी वर्ग चालू ठेवायला तिथल्या तिथे होकार दिला.

वर्गात मी मिरवते की हे माझ्या आईने शिकवलं. तू इतक्या घरचं पाणी प्यालीस, पण आपल्या घरी पाणी मागायला कुणी आलं नाही. बाबा पिऊन परत येईपर्यंत तू रोज बसून असायचीस. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहवतंय. मी जागी असायचे, आई. डोळे मिटून पडायचे, आणि तुला कधीच काही विचारलं नाही.