सर्व्हर ठणठणीत आहे

३ जून
आज एका फुकट मेल कंपनीने माझ्या स्वाभिमानाला हात घातला. तुंबलेल्या गटाराबद्दल नगरपालिकेला अत्यंत गंभीर पत्र लिहीत होतो, तर शेजारी जाहिरात झळकली: टकलावर केस आणणारं तेल. माझ्या डोक्याची बातमी यांना कोणी दिली? सहनशक्तीला मर्यादा असते. निर्णय पक्का. मेल सर्व्हर घरीच. स्वतःचा, पत्त्यात आडनावासकट.

५ जून
जुना कॉम्प्युटर चपलांच्या कपाटावर बसवला. बायको म्हणाली, अहो, फुकट येत होतं टपाल, त्यात तुमचं कुठे दुखत होतं? तत्त्व, म्हटलं. ती भांडी लावायला गेली.

६ जून
पहिला मेल मेहुण्याला. पोचला. स्पॅममध्ये, लॉटरी लागल्याच्या दोन पत्रांच्या मधोमध. भाऊजी, संगत बदला, म्हणाला. थोर कामाची सुरुवात अशीच होते.

८ जून
कन्या इमारतींचे नकाशे काढते. तिच्या आवडत्या आर्किटेक्टकडे जागा निघाली. ऑनलाइन फॉर्ममध्ये आपल्या घरचाच मेल पत्ता घाल म्हटलं. म्हणाली, बाबा, दीड वर्ष या जागेची वाट बघतेय, यावर प्रयोग नको. प्रयोग नव्हे, प्रतिष्ठा, असं तासभर समजावलं. शेवटी घातला. कंटाळून असेल, पण घातला.

९ जून
पहारा बसवला. सर्व्हर बंद पडला की सर्व्हरच मला मेल पाठवून कळवेल. परक्यावर विसंबायचं नाही.

११ जून, रविवार
शर्टाला इस्त्री. कपाटामागचा प्लग मिनिटभर काढला. कॉलर झकास बसली.

१२ जून
स्पॅम शून्य. फोनवर मेल उघडला की नुसतं गोल फिरतं. तपासणी कडक असणार.

१३ जून
काही आलं का, कन्येने तिसऱ्यांदा विचारलं. बंद पडल्याचा मेल आलाय का, मी उलट विचारलं. नाही. म्हणजे सर्व्हर ठणठणीत. तिला पटलेलं दिसलं नाही.

१४ जून
मेहुण्याला फोनवर पहाऱ्याची युक्ती सांगितली. म्हणाला, भाऊजी, बंद पडलेला मेल पाठवणार कसा? रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला. जळतो. तरी उद्या सवडीने बघू.

१५ जून, गुरुवार
बघितलं. सर्व्हरचा प्लग जमिनीवर. बायकोच्या झाडूवर आरोप ठेवला. तिने बोटाने दाखवलं: भिंतीत अजून इस्त्रीचाच प्लग.
चालू केल्याबरोबर तटलेली पत्रं धडाधड आली. एक कन्येच्या नावाचं, आर्किटेक्टकडून सोमवारी पाठवलेलं. मुलाखत बुधवारी, अकरा वाजता. एक अक्षरही गहाळ नाही.
कन्या आहे त्या कपड्यांत निघाली. टॅक्सीला पैसे आईकडून घेतले. पहिल्या पगारातून देते, म्हणाली.

१६ जून
जागा बुधवारीच भरली. आर्किटेक्टबाईंनी पाणी विचारलं, पत्र पाठवलं होतं म्हणाल्या. कन्येने तिचा जुना फुकट पत्ता परत सुरू केला. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं. आता ते कुठे ठेवू?
सर्व्हर चालू आहे. स्पॅम येतंय.
दुपारी बायकोच्या पर्समध्ये टॅक्सीचे पैसे ठेवले. हे कुठून आले, तिने संध्याकाळी विचारलं. कन्येने दिले, म्हणालो.