पाच वर्षांच्या फुल्या

कलकत्ता,
बुधवार, ९ फेब्रुवारी १९७२

ती. आईंस,
शारदेचा शि. सा. नमस्कार.

लीनावन्संना मुलगा झाल्याची तार पोचली. फार आनंद झाला. यांनी खिदिरपूरच्या कचेरीत सगळ्यांना संदेश मिठाई वाटली. इकडे सर्व ठीक. युद्धात खिडक्यांना लावलेले काळे कागद मी एकदाचे खरवडून काढले. नागपूरच्या थंडीत तुमचा गुडघा फार कुरकुरत नाही ना? वन्संच्या घरी पाणी तुम्ही भरू नका.

तुम्ही एकोणीसला येताय आणि एकवीसला माझं ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणतात, छोटंसं आहे. मी भित्री आहे हे तुम्ही जाणताच, पण या वेळी भीती सुरीची नाही.

आई, मी बाहेरची झाले की तुम्ही कॅलेंडरात त्या तारखेवर फुली मारता. पाच वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून तुम्ही दवाखान्यात नेलीत तेव्हा बाई किती खूष झाल्या. "माँजी, ऐसा हिसाब तो कोई नहीं लाता." त्यावरूनच त्यांनी ठरवलं की माझी पाळी अनियमित, कधी सव्वीस दिवसांनी, कधी बेचाळीस. म्हणून, मूल व्हावं यासाठी, पोट उघडून बीजकोशाचा तुकडा काढायचा.

त्यातल्या निम्म्या फुल्या खोट्या आहेत.

पहिल्या वर्षी गौरींना तुमच्या हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. पुढे दर महिन्याला मी सांगितलं की तुमचा चेहरा उतरायचा आणि ते चार दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलायच्या नाहीत. मग मी उशिराच सांगू लागले. कधी चार दिवसांनी, कधी आठ. तेवढे दिवस तरी घरात आशा राहायची. त्या दिवसांत मी स्वयंपाक केला, देवांची उपकरणी घासली, तुमच्या सोवळ्याला शिवले.

बाईंनी महिनाभर लिहायला सांगितलेलं तापमान मी सात महिने लिहिलं आहे, रोज उठायच्या आधी. विसाव्या-एकविसाव्या दिवशी कूस दुखते, दुसऱ्या दिवशी पारा चढतो. आणखीही खुणा आहेत, त्या तुम्हाला लिहवत नाहीत. पाळी दर चौतिसाव्या दिवशी, फार तर एक दिवस इकडेतिकडे. फुल्यांवरून बाईंनी जे दिवस आम्हाला मोजून दिले होते, ते माझे नव्हतेच. त्यांचं शास्त्र चुकलेलं नाही. त्यांच्या हाती आकडे खोटे पडले, आणि ते माझे.

यांना परवा सांगितलं. ते म्हणाले, "आईला कळवू नकोस. होऊन जाऊ दे ऑपरेशन." आणि खरं सांगते, मी तयार झाले होते. तुम्हाला हे कळण्यापेक्षा पोट कापून घेणं मला सोपं वाटलं. त्याचीच मला आता जास्त भीती वाटते.

शुक्रवारी वही घेऊन बाईंकडे जाणार आहे, यांनी नाही म्हटलं तरी. बाई रागावतील. कदाचित म्हणतील, तरीही ऑपरेशन लागेल. लागलं तर करेन. देवांचं प्रायश्चित्त तुम्ही सांगाल ते घेईन. पण तुम्ही परत आल्यावर माझ्या हातचं जेवाल की नाही, या विचाराने कालपासून घास उतरत नाही.

सोमवारी सकाळी पारा उतरला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही इथे नाही, विचारणारं कोणी नाही, तरी सांगते. काल, मंगळवारी दुपारी, मी पुन्हा बाहेरची झाले. ही तारीख खरी आहे.

तुमचीच,
शारदा