बापानं उचललेला बोया

माघ पंचमी, बुधवार
निलम, हे तूच लिहून ठेवायला सांगितलंस. विसरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. एक चप्पल पायात नि दुसरी पुळणीच्या वाळूत टाकून घरी येणारी पोर तू, तुझा काय भरवसा. मी, तुझी आजी, बोलते, तुझी आई सुरेखा लिहिते. मधेच माझं बोलणं धुऊन-पुसून घेते, तेवढं सोडून दे.
आज तुझ्या ऑफिसचं ते पाणी मोजणारं विमान डोक्यावरून गेलं. अख्खा कोळीवाडा हात हलवत उभा. मी नाही हलवला.

सप्तमी, शुक्रवार
परत विमान. गेलं, वळलं, आलं. नांगरट चाललीय जशी.
फोनवर तू म्हणालीस, "आजी, विमानाच्या पोटाला रडारचे दोन डोळे आहेत, एकामागे एक. पुढचा पाणी बघतो, लगेच मागचा तेच पाणी बघतो. तेवढ्यात पाणी किती सरकलं ते कळतं. मग त्यातून वाऱ्यालाटांनी हललेलं वजा करायचं, उरतो तो प्रवाह." वारा वजा. करा.
तुझा बाप हसला. "पान्यात हात न घालता पानी मोजतान." मोठा शहाणा. काठी बुडवल्याशिवाय त्याला इंजिनातलं तेल कळत नाही.

नवमी, रविवार
तुझ्या बापाला, नामदेवला, समुद्रात पिवळा बोया मिळाला, जाळ्याला बांधतात तसला तरंगता गोळा, वर तार. सुटा बोया म्हणजे कुणाचं तरी जाळं तुटलं. तो टाकून यायचं नाही, ज्याचा त्याला मिळाला पाहिजे, ही आपली रीत. दिवसभर होडीत ठेवून मासे धरले, संध्याकाळी धक्क्यावरच्या खांबाला टांगला. विचारायला कोणी आलं नाही. पुण्यवान तुझा बाप. एक भाकरी जास्त जेवला.

एकादशी, मंगळवार
तुझा फोन. 
बोया तुमच्या ऑफिसचाच. पाण्याबरोबर वाहायचा, वरच्या तारेतून आपला ठाव कळवायचा नि विमानाचं मोजमाप खरं की खोटं ते सांगायचा. विमान म्हणतं, पाणी हरिहरेश्वराकडे गेलं. बोया म्हणतो, दिवसभर गोल फिरलं नि धक्क्याला लागलं. तू म्हणालीस, साहेब, हा होडीचा वेग आहे. साहेब म्हणाला, भोवरा असेल, तुझाच हिशोब चुकला. उड्डाणं बंद, दुसऱ्या कामाला लाग. एवढा शिकलेला, नि धक्क्यावर चढणारा भोवरा पटला त्याला.
बोये सोडल्याची सूचना म्हणे अलिबागला ऑफिसच्या दारावर लावली होती. माशांनी वाचली असेल.
नामदेव ताटावरून उठला.

द्वादशी, बुधवार
"तोंड शिवलंय का रे? लाव साहेबाला फोन."
"काय सांगू आये?"
"उचललास ते."
लावला. "साहेब, म्या उचलला. दिसभर माझ्या होडीत व्हता."
साहेब गोड बोलला, "बाप आहात. मुलीसाठी बोलणारच." नि ठेवला.
बापाचं खरं चालत नाही. मग काय शेजारी आणायचा? नामदेवनं तो बोया खांबावरून काढला, परत टांगला. दुसरं सुचतंय काय त्याला.

पौर्णिमा, शनिवार
उधाण. पाणी पायरीपर्यंत.
तू पाठ सोडली नाहीस म्हणे, म्हणून साहेब एकदाच, शेवटचं विमान उडवणार. परवा. नवे बोये सोडणार. जुळलं तर तुझं काम राहील.
नामदेव घरोघर सांगून आला, पिवळ्या बोयाला हात लावू नका. सगळे व्हय म्हणाले. म्हातारा पांडू म्हणाला, "व्हय, पन खरंच कुनाचा जाला तुटला असंल तर?" झालं. असल्या पुण्यवानांच्या हातात तुझी नोकरी.
नामदेव म्हणतो, मी होडी घेऊन राखणीला जातो. म्हटलं, खबरदार. तुझी सावली पडली तरी साहेब म्हणेल, बापानंच ढकलला. परवा तो ओटीवर बसणार, बाकीच्या होड्या जाणार. विमानावर माझा काडीचा विश्वास नाही. पण तुझा हिशोब त्या भोवऱ्यापेक्षा बरा असेल, एवढं वाटतं...
सुरेखा, ते राहू दे, आता हे लिही. उद्याच्या गाडीनं निलमला सोडे, सुकी कोलंबी, पाठव, निवडून. साहेबाला सुके बांगडे. सैल बांध, ऑफिसभर वास सुटू दे.