पाळण्याची जाहिरात साहेबांच्या घरी पोचवल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
जाहिरात खरेदी कंपनी, तिसरा मजला.

विषय : निलंबनाच्या नोटिशीस उत्तर.
संदर्भ : आपली गेल्या सोमवारची नोटीस.

महोदय,

१. कोणती जाहिरात कोणाच्या फोनवर दिसावी हे ठरवणारी आपली प्रणाली अर्जदार सात वर्षे चालवत आहे.

२. अर्जदाराच्या धाकट्या बहिणीचे बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेले. गरोदर स्त्रियांच्या यादीत ती मात्र तशीच राहिली. पाळणे, मोजे, दुधाच्या बाटल्या तिच्या फोनवर येतच होत्या. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तर "बाळाचं स्वागत!" अशी जाहिरात आली. बहिणीने फोन पिठाच्या डब्यात खुपसला.

३. सदर यादी आमच्या विभागाच्या साहेबांच्या ताब्यात होती. अर्जदाराने चार महिन्यांत अकरा वेळा लेखी विनवले. अकराव्या वेळी साहेब सर्वांदेखत म्हणाले, "अहो ताई, एका बाईसाठी अख्खी यादी उसवायची का? बहिणीला सांगा, फोन कमी बघ." अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

४. त्याच दुपारी अर्जदाराने नवी मोहीम तयार केली. प्रेक्षक : साहेबांचे घर. जाहिरात : तोच पाळणा. साहेब न वाचता सही करतात, यावरही केली.

५. साहेबांचे वय अठ्ठावन्न. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा कार्यालयात फोन आला, तो अर्जदारानेच उचलला. "ह्यांच्या फोनवर, टीव्हीवर, जिथे तिथे पाळणे! खरं सांगा, कुणाचं बाळ आहे?" "वहिनी, ते साहेबांनाच विचारा," असे अर्जदाराने अत्यंत नम्रपणे सांगितले. वहिनी त्याच दिवशी माहेरी गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता, एवढेच मनाला लागते.

६. घरचे पाळणे त्याच यादीतून येतात असे समजून दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः बसून यादी पुसली. अख्खी. वीस मिनिटे लागली.

सबब, अर्जदारास नोकरी परत नको. निकालपत्रात ही वीस मिनिटे लिहावीत आणि ते साहेबांनी सर्वांसमोर उभे राहून मोठ्याने वाचावे. बहीण पहिल्या रांगेत बसेल.

आपली नम्र, आणि तेवढ्या दिवसासाठी हजर राहू इच्छिणारी,
(सही)
निलंबित कर्मचारी, टेबल क्र. १४
दिनांक : नोटीस मिळाल्यापासून पाचवा दिवस

सोबत :
१. साहेबांच्या सहीचे मंजुरीपत्र
२. अकरा विनंत्यांच्या प्रती
३. आपण मागितलेला माफीनामा : निरंक